थेट दुसऱ्या वर्षाला

दहावीनंतर तीन वर्षं घासायची
आणि मग इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाऊन बसायचं,
याला कागदावर ‘थेट’ म्हणतात.

खिडकी नंबर तीनवरच्या हत्तुरे मॅडम म्हणाल्या,
पोरी, शेवटचं पान आधी वाचत जा.
मी पहिल्याच पानावर अडकलेली,
एका शब्दापाशी: हमी.

पुण्यातलं ते विद्यापीठ,
बारावीवाल्यांतून हजारी सातजण उचलणारं,
त्यानं आमच्या पॉलिटेक्निकला लिहून दिलंय:
पंचाहत्तर टक्के ठेवा,
गणिताचे तिन्ही पेपर इथंच सोडवा,
एकही विषय मागे ठेवू नका,
तीस नोव्हेंबरच्या आत अर्ज करा,
तोही आम्हालाच, दुसऱ्या कुणाला नाही,
मग जागा तुमची.
फेऱ्या नाहीत, कटऑफ नाही,
कुणाच्या मामाची ओळख नाही.

संध्याकाळी सिटी बसनं कुंभारीला, घरकुलात.
अम्मा दारात सूप मांडीवर घेऊन बसलेली,
बोटं चालू, नजर रस्त्यावर.
तिला तेलुगूत सगळं समजावायला बसले
तर तो शब्द बदलावाच लागला नाही.
आमच्यात हामी म्हणतात. एक काना जास्त, बस.
मराठीतही हामी असते, पण ती भरायची असते,
नुसती मान हलवून.
यातली माझी कुठली
ते मला चौथ्या पानावर कळलं.

चौथ्या पानावर बारीक टायपात:
जागेची हमी आहे, शाखेची नाही.
संगणक मागितलात तर स्थापत्य मिळू शकेल.
आणि शेवटच्या सत्रात गुण घसरले
तर हे पत्र आपोआप रद्द.

मेहजबीनचं आधीच रद्द झालं.
वर्गात ती माझ्यापुढे, रोल नंबरनंही, डोक्यानंही.
तिसऱ्या सत्रात टायफॉइड झाला, मेकॅनिक्स राहिलं,
पुढं तिनं ते अठ्ठ्याऐंशी गुणांनी काढलं.
पण ‘मागे राहिलेला’ म्हणजे एकदाही, असं हत्तुरे मॅडम म्हणाल्या,
आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या.
आता ती अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात
डिस्पॅचच्या नोंदी करते.
माझ्या अर्जाची झेरॉक्स तिनंच काढून आणली,
पैसे घेतले नाहीत.

अम्मा सगळं ऐकत होती.
पान कापलं, तंबाखू भरली, वळली, दोरा बांधला,
पंचवीसचा कट्टा झाला, बाजूला.
मग विचारलं, पास करणारा कोण?
म्हटलं, कोणी नाही अम्मा, नियमच आहेत.
ती हसली.
हजाराची मजुरी ठरलेली, हेही नियमानंच,
पण कारखान्यात चेकर कट्टा उचलतो,
नखानं दाबतो, एखादी मोडतो,
आणि मुठीनं छाट टोपलीत टाकतो.
म्हणून मी हजार कधीच वळत नाही, म्हणाली.
हजार पन्नास वळते.
तू पंचाहत्तर कशाला धरून बसलीस?

एवढं बोलून तिनं उरलेली पानं ओल्या फडक्यात गुंडाळली,
उद्यासाठी, वाळू नयेत म्हणून.

रात्री उकाड्यानं झोप नाही.
शेजारी कुणाच्या तरी घरात पंखा घरघरतोय.
पत्र मी गणिताच्या वहीत ठेवलंय,
वही उशीखाली,
आणि बेरीज करतेय पुन्हा पुन्हा:
पाच सत्रांचे एकोणऐंशी पूर्णांक चार.
सहावं उरलंय.
पेपर सोमवारपासून.

मेहजबीनला सकाळी फोन करायचा आहे.
तिच्या मेकॅनिक्सच्या नोट्स
अजून तिच्याकडेच आहेत.